तिकीट मुलांचं, हिशेब मोठ्यांचा

मुलांना नाटक दाखवावं की नाही, हा प्रश्न मराठी घरात सहसा कुणी विचारत नाही. दाखवावं, हे सगळ्यांनाच मान्य असतं. गाडी अडते ती तिकिटाच्या दरापाशी. तिकीट दोनशे-तीनशे रुपयांचं असेल तर आपण फार विचार करत नाही. पण एखाद्या मोठ्या, झगमगीत प्रयोगाची जाहिरात येते. दर हजार, दीड हजार, त्याहून वर. घरात दोन मुलं, दोन मोठी माणसं. मग आपण कागद-पेन्सिल घेऊन बसतो. आज मी या कागद-पेन्सिलीविषयीच बोलणार आहे.

मी स्वारगेटला राहतो. एका बाजूला एसटी स्टँड, मधे जेधे चौक, खाली २०२४ च्या सप्टेंबरपासून धावू लागलेली मेट्रो, आणि चालत जाण्याच्या अंतरावर नेहरू स्टेडियमशेजारी गणेश कला क्रीडा मंच. पुण्यात काही मोठं, भव्य, शेकडो माणसांना बसवून दाखवायचं असलं की ते बहुधा आमच्या या सभागृहात येतं. त्यामुळे नाटकांचे फलक वाचत वाचतच आम्ही भाजी आणायला जातो.

मागे एका मे महिन्यात असाच एक मुलांचा मोठा खेळ लागला होता. माझी मुलगी कोंढव्याला असते. जावयाचं नाना पेठेत गाड्यांच्या स्पेअर पार्टचं छोटं दुकान आहे. तिला सात वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. तिचा फोन आला. म्हणाली, "अब्बा, वर्गातल्या सगळ्या मुली जाणार आहेत म्हणे. हजाराचं तिकीट आहे. चार काढू का? तुम्हीच सांगा." जून तोंडावर होता. दप्तरं, बूट, गणवेश, शाळेची फी, सगळं एकाच वेळी यायचं होतं. मी तिला लगेच हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. म्हटलं, "बेटा, आधी हिशेब मांडू."

हिशेब मांडायचा तर तिकीट महाग का असतं, हे आधी समजून घ्यायला हवं. नाटकाचा प्रत्येक प्रयोग नव्याने उभा करावा लागतो. सिनेमा एकदा तयार झाला की तो हजार पडद्यांवर एकाच वेळी चालतो. नाटकात मात्र नाट्यगृहाचं भाडं रोजचं, नटांची आणि पडद्यामागच्या कामगारांची नाइट रोजची, नेपथ्याचा टेम्पो रोजचा, वर्तमानपत्रातली जाहिरात दर खेपेची. बालनाट्याची अडचण तर याहून मोठी. त्यात पात्रं जास्त, कपडेपट जास्त, मुखवटे, नाच, गाणी जास्त. आणि प्रेक्षक मिळतो तो मुख्यतः मे महिन्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत. मोठ्यांचं नाटक वर्षभर शनिवार-रविवार चालू शकतं. बालनाट्याला सुट्टीच्या त्या थोड्या दिवसांत सगळा खर्च वसूल करावा लागतो.

आणखी एक गोष्ट. एसटीत पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धं तिकीट असतं. स्वारगेटच्या माणसाला हे सांगायला नको. नाट्यगृहात मात्र खुर्ची म्हणजे खुर्ची. तिच्यावर तीस किलोचं मूल बसलं काय आणि ऐंशी किलोचा बाप बसला काय, निर्मात्याच्या दृष्टीने ती एकच जागा. म्हणून तिथे अर्ध्या तिकिटाची चाल फारशी दिसत नाही. त्यातून मूल एकटं येत नाही. जे नाटक आईबापांनी स्वतःसाठी कधीच पाहिलं नसतं, त्याचीही त्यांना दोन तिकिटं काढावी लागतात.

आता कराचं पाहा. नाटकाचं तिकीट पाचशे रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी लागत नाही. २०१७ साली हा कर आला तेव्हा ही मर्यादा अडीचशे रुपयांची होती. २०१८ च्या जानेवारीत ती पाचशेवर नेली. पाचशेच्या वर गेलं की अठरा टक्के. म्हणूनच पुष्कळ मराठी नाटकांचा सर्वांत वरचा दर पाचशेपाशी येऊन थबकलेला दिसतो. हजाराचं तिकीट अकराशे ऐंशीला पडतं. चार तिकिटं म्हणजे चार हजार सातशे वीस. त्यावर रिक्षा आणि मध्यंतरातला बटाटेवडा वेगळा. हेच चौघं तीनशे रुपयांच्या बालनाट्याला गेले तर बाराशेत काम होतं. म्हणजे एका मोठ्या प्रयोगाच्या पैशात जवळजवळ चार वेळा नाट्यगृहात जाता येतं. हा आकडा लक्षात ठेवा. पुढे तो लागणार आहे.

महाग तिकीट ही काही आजची गोष्ट नव्हे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं ते राजाश्रयावर. १८५३ साली त्यांची मंडळी मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात उतरली आणि मराठी नाटकाला तिकीट लागलं. तेव्हापासून नाटक हे खिशातले पैसे मोजून बघायची गोष्ट झाली. ८ जुलै १९२१ रोजी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांचा 'संयुक्त मानापमान' टिळक स्वराज्य फंडासाठी झाला. तेव्हा दर नेहमीच्या कितीतरी पट चढे होते, आणि लोकांनी ते आनंदाने दिले. चांगल्या कारणासाठी, चांगल्या कलेसाठी मराठी माणूस पैसे मोजतो. त्याला मोजू नका असं सांगणारा मी कोण?

पण मुलांच्या रंगभूमीची गोष्ट थोडी निराळी आहे. आपल्याकडे ती हौसेने आणि कमी पैशांत उभी राहिली. सुधा करमरकर अमेरिकेत बालरंगभूमीचा अभ्यास करून आल्या आणि १९५९ साली त्यांनी लिटल थिएटर सुरू केलं. त्यांचं पहिलं नाटक 'मधुमंजिरी' रत्नाकर मतकरींनी लिहिलेलं होतं. मतकरींनी १९६२ मध्ये स्वतःची बालनाट्य संस्था काढली आणि वर्षानुवर्षं पदरमोड करून ती चालवली. पु. ल. देशपांडे आणि विजय तेंडुलकर यांच्यासारख्या मोठ्या लेखकांनी मुलांसाठी नाटकं लिहिली. सुलभा देशपांडे यांनी 'चंद्रशाला'त मुलांकडूनच 'दुर्गा झाली गौरी' करून घेतलं. पुण्यात सई परांजपे यांनी मुलांचं थिएटर चालवलं, आणि आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर गोपीनाथ तळवलकरांचं 'बालोद्यान' होतं. रेडिओवर पडदा नाही, दिवे नाहीत, कपडे नाहीत, नुसता आवाज. तेवढ्यावर एका पिढीने डोळ्यांपुढे जंगलं आणि राजवाडे पाहिले.

याच पुण्यात १९८६ साली थिएटर अकॅडमीने 'छान छोटे वाकडे मोठे' हे नाटक आणलं. डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची पद्धत आपल्याकडे आली, ती या नाटकापासून. ग्रिप्सच्या नाटकात परी नसते, राक्षस नसतो. मुलांच्या भूमिका मोठी माणसं करतात. विषय मुलांच्या घरातलेच असतात. आईबापांची भांडणं, शेजाऱ्यांची खेकसणी, खेळायला जागा नसणं, भीती. नेपथ्य अगदी जेमतेम. तरी मुलं खुर्चीच्या टोकाला येऊन बसत, कारण समोर जे चाललं होतं ते त्यांचं होतं. किंमत आणि परिणाम यांचं गणित सरळ नाही, एवढंच यावरून मला सांगायचं आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. 'अलबत्या गलबत्या' हे मतकरींचं जुनं नाटक. त्यात पूर्वी दिलीप प्रभावळकर चेटकीण होत. २०१८ साली ते पुन्हा रंगमंचावर आलं, चिन्मय मांडलेकरांनी दिग्दर्शित केलं आणि वैभव मांगले चेटकीण झाले. नव्या प्रयोगात व्यावसायिक सफाई होती, चांगला प्रकाश होता, चांगलं नेपथ्य होतं. नाट्यगृहं पुन्हा मुलांनी भरली. पैसे लावल्यामुळे हे झालं, हे नाकारण्यात अर्थ नाही. मुलांसाठी म्हणून काहीतरी फाटकं-तुटकं, तीन मुखवटे आणि एक कर्णा, असं दाखवायचं आणि वर "स्वस्त आहे ना" म्हणायचं, हाही मुलांचा अपमानच आहे.

मग ठरवायचं कसं? मी माझ्या मुलीला चार प्रश्न विचारायला सांगितले. तेच तुम्हाला सांगतो.

पहिला प्रश्न वयाचा. चार वर्षांचं मूल अंधारात, मोठ्या आवाजात किती वेळ बसतं? बहुतेक मुलं पाऊण तास बसतात. मग त्यांना पाणी हवं असतं, बाहेर जायचं असतं, किंवा नुसतंच मागे वळून लोकांकडे बघायचं असतं. दोन-अडीच तासांच्या खेळाला हजाराचं तिकीट काढून आपण त्या मुलाला बाहेरच्या पायऱ्यांवर फिरवत बसणार असू, तर ते तिकीट कुणाचं? सात-आठ वर्षांचं मूल मात्र गोष्ट धरून ठेवतं. त्याच्यासाठी पैसे खर्चायला हरकत नाही.

दुसरा प्रश्न जागेचा. मोठ्या सभागृहात मागच्या रांगेतून नट अंगठ्याएवढा दिसतो. आमचं गणेश कला क्रीडा अवाढव्य आहे. तिथला मागचा स्वस्त कोपरा मुलासाठी खरोखर महाग पडतो, कारण त्याला काही दिसतच नाही. उलट बालगंधर्व रंगमंदिराची बैठक हजाराच्या आतली. भरत नाट्य मंदिर त्याहून लहान. शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच तर इतका आटोपशीर की नटाच्या कपाळावरचा घाम दिसतो. लहान जागेतलं दोनशेचं तिकीट मोठ्या जागेतल्या हजाराच्या तिकिटाला भारी पडू शकतं. आणखी एक गुपित सांगतो. बाल्कनीला नाक मुरडू नका. तिथल्या रांगा उतरत्या असतात, त्यामुळे पुढच्या माणसाचं डोकं मुलाच्या आड येत नाही. तळमजल्यावर बसलात तर घरून एक जाड उशी किंवा घडी केलेली शाल न्या. हलक्या मुलाखाली त्या खुर्च्या मिटतात आणि पोर आत अडकतं, हे प्रत्येक आजोबाला ठाऊक आहे.

तिसरा प्रश्न, पैसे कशाचे लागताहेत? गोष्टीचे, नटांचे, की धुराचे आणि दिव्यांचे? धूर आणि दिवे वाईट नसतात. मुलं त्यांनी हरखतात, आणि हरखावंच. पण एक सोपी कसोटी आहे. मुलगा घरी आल्यावर ते नाटक खेळतो का ते बघा. चादर पांघरून राजा होतो का, बहिणीला चेटकीण करतो का, आजीला वाक्यं म्हणायला लावतो का. जे नाटक घरी येतं त्याचे पैसे फिटले. जे मोबाइलमधल्या फोटोतच राहतं त्याचे फिटले नाहीत. अर्थात हे आधी कळत नाही. म्हणून आधी कुणी पाहिलं असेल तर त्या घरातल्या मुलाला विचारा. त्याच्या आईला नको, मुलालाच विचारा. मूल "मस्त होतं" म्हणून थांबतं की गोष्ट सांगायला लागतं, यावरून सगळं कळतं.

चौथा प्रश्न जरा अवघड आहे. आपण कुणासाठी जातोय? वर्गातल्या सगळ्या जाणार म्हणून जात असू, तर तो पैसा नाटकावर खर्च होत नाही, लाजेवर खर्च होतो. मुलाला एकटं पाडू नये हे खरं. मी त्याला हसत नाही. गरीब वस्तीत वाढलेल्या माणसाला ही लाज नीट माहीत असते. पण तिचं औषध दर वेळी तिकीट हेच नसतं.

इथे मला माझंच थोडं सांगावंसं वाटतं. मी घोरपडे पेठेत वाढलो. अब्बा एसटीच्या कामावर होते. घरी आम्ही दखनी बोलायचो, शाळेत मराठी. पाचवीत असताना बाईंनी आम्हाला रांगेने चालवत भरत नाट्य मंदिरात नेलं होतं. तिकिटाचे पैसे शाळेनेच नाममात्र घेतले होते. ते कुठलं नाटक होतं, त्याची गोष्ट काय होती, आज मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की कापडावर रंगवलेलं जंगल वाऱ्याने हललं आणि माझ्या शेजारच्या मुलाने माझा हात धरला. आणि एक गोष्ट आठवते, की समोरची माणसं जी मराठी बोलत होती ती पुस्तकातली नव्हती, भांडायची, लाडात यायची, रागवायची मराठी होती. पुढे मी त्या भाषेत कविता लिहायला लागलो. एका नाटकामुळे लागलो असं म्हणणार नाही. पण ती इमारत आपलीही आहे, तिच्या पायऱ्या आपणही चढू शकतो, हे त्या दिवशी कळलं. आमच्या गल्लीतल्या कित्येक मुलांना ते कधी कळलं नाही. टिळक रोड आमच्यापासून वीस मिनिटांवर होता, आणि तरी तो दुसऱ्या गावात होता.

म्हणून तिकिटाच्या दरात माझ्या मते खरा प्रश्न हा आहे. वर्षातून एकदा, जीव मुठीत धरून, चार-पाच हजार खर्चून गेलेलं कुटुंब नाट्यगृहात पाहुणं म्हणून जातं. मुलाला सारखं बजावलं जातं, "नीट बस, एवढे पैसे दिलेत." मुलाला नाटकापेक्षा ते पैसेच जास्त लक्षात राहतात. तेच कुटुंब तेवढ्याच पैशांत वर्षातून चार वेळा तीनशेच्या तिकिटाला गेलं, तर दुसऱ्या खेपेला मुलाला पाण्याची टाकी कुठे आहे ते माहीत असतं, तिसऱ्या खेपेला ते तिसऱ्या घंटेची वाट बघतं, आणि चौथ्या खेपेला "मागच्या वेळची चेटकीण जास्त चांगली होती" असं म्हणतं. तो प्रेक्षक झाला. त्यानंतर त्याला हजाराच्या तिकिटाला न्या. त्या हजाराचं काय करायचं ते त्याला कळेल.

आमच्या घरी शेवटी असं झालं. मुलीने दोनच तिकिटं काढली, पाचशेच्या दराची, एक तिचं आणि एक सात वर्षांच्या नातीचं. चार वर्षांचा नातू त्या संध्याकाळी माझ्याकडे होता. आम्ही दोघं सारसबागेत गेलो आणि भेळ खाल्ली. त्याला आपण काही गमावलं असं वाटलं नाही, कारण त्याला घरून तसं कुणी सांगितलं नव्हतं. उरलेल्या पैशांतून पुढच्या दिवाळीत चौघंही एका साध्या बालनाट्याला गेले. नातीला त्यातलं कुठलं जास्त आवडलं हे मी विचारलं. ती म्हणाली, "नाना, पहिल्यात दिवे छान होते. दुसऱ्यात तो उंदीर माझ्याशी बोलला." उंदीर प्रेक्षकांत उतरून आला होता.

प्रत्येक घराचं उत्तर हेच असेल असं नाही. ज्याला परवडतं त्याने मोठ्या प्रयोगाला जरूर जावं. त्या तिकिटावर विंगेतल्या माणसांचीही चूल पेटते. एक मात्र करू नये. ओळखीतून फुकट पास मागू नये. मुलासमोर तर नकोच. चेंडूचे, चपलेचे, वडापावचे पैसे द्यायचे असतात आणि नाटकाचे नसतात, असं मूल त्यातून शिकतं. पन्नास रुपयांचं का होईना, तिकीट मुलाच्या हातात द्यावं, आणि दारावरच्या माणसाकडे ते त्यालाच देऊ द्यावं.

आणि ज्यांना तीनशेही जड जातात त्यांच्यासाठी दारं बंद नाहीत. राज्याच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची बालनाट्य स्पर्धा होते, तिचे प्रयोग नाममात्र दरात बघता येतात. तिथे मुलंच नट असतात, कधी वाक्य विसरतात, कधी दाढी निसटते, आणि बघणाऱ्या मुलांना ते सर्वांत जास्त आवडतं. शाळांनी मनावर घेतलं तर एका बसच्या खर्चात आख्खा वर्ग भरत नाट्य मंदिरात जाऊन येईल. आता तर स्वारगेटहून मेट्रोने मंडईपर्यंत जाता येतं, तिथून शनिवार पेठही लांब नाही. मतकरींनी उतारवयात ठाण्यात वस्तीतल्या मुलांसाठी 'वंचितांचा रंगमंच' उभा केला. तिथे प्रश्न तिकिटाचा राहिलाच नाही, मुलंच रंगमंचावर गेली. आपल्या सोसायटीत, मोहल्ल्यात, गणपतीच्या मांडवात हे करायला चार चादरी आणि एक रिकामी संध्याकाळ पुरते.

जाताना दोन साध्या सूचना. नाटकात चेटकीण किंवा राक्षस असेल तर लहान मुलाला आधीच सांगा, की तो एक काका आहे, त्याने सोंग घेतलंय, नाटक संपलं की तो घरी जाऊन वरणभात खाणार आहे. भीतीची गंमत वाटायला हवी, धसका नको. आणि बाहेर पडल्यावर "कसं वाटलं, काय शिकलास?" असं लगेच विचारू नका. रिक्षात गप्प बसा. मूल आपण होऊन बोलेल, कदाचित दोन दिवसांनी, आंघोळ करताना, भलत्याच वेळी. तेव्हा मात्र हातातलं काम बाजूला ठेवून ऐका.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)